लेखणी आणि चरितार्थ : छत्तीसगडातील दोन मराठी माणसे

भिलाईचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झोतभट्टी उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि दुर्ग जिल्ह्यातील भाताच्या शेतांच्या जागी सेक्टरांनी आखलेले एक नवे नगर उभे राहिले. त्या नगरात आम्ही मराठी माणसे आलो ती नेमणुकीचा हुकूम हाती घेऊन. कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी टपालात, कोणी बँकेत. दुसरा हुकूम आला की सामान बांधायचे, असा हा मुक्काम. त्यामुळे या मुलखाशी आपले काही जुने नाते आहे हे ध्यानात येण्यापूर्वीच पुष्कळांची बदली झालेली असते. नाते आठवलेच तर भोसल्यांचे आठवते. बिंबाजी भोसल्यांचा रतनपूरचा कारभार आणि १८५४ साली खालसा झालेले नागपूरचे राज्य, एवढ्यावर आमची आठवण थांबते. तलवारीचे आणि वसुलीचे नाते आम्हांस पाठ आहे, लेखणीचे नाही.

भिलाईच्या रुळांवरून पूर्वेकडे गेले तर रायपूर लागते; पश्चिमेकडे दुर्ग ओलांडून गेले तर राजनांदगाव. या दोन्ही गावी मराठी घरांत जन्मलेले दोन लेखक राहून गेले. रायपुरास माधवराव सप्रे आणि राजनांदगावास गजानन माधव मुक्तिबोध. दोघांची घरची भाषा मराठी, दोघांची लेखनाची भाषा हिंदी. सप्रे १९२६ साली निवर्तले तेव्हा मुक्तिबोध आठ वर्षांचे होते. म्हणजे एकमेकांच्या सहवासाचा प्रश्नच नव्हता. एक टिळकांच्या युगातला, दुसरा मार्क्स वाचलेला. एकाची निष्ठा रामदासांवर, दुसऱ्याचे मन आधुनिक माणसाच्या अंतरीच्या झगड्यात गुंतलेले. तरीही दोघांच्या आयुष्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो : लेखणी कोणाची बटीक होऊ द्यायची नाही असे ठरविले, तर घरातली चूल कोणाच्या आधारावर पेटवायची? महिन्याच्या पहिल्या तारखेची शाश्वती असलेल्या आम्हां नोकरदारांना हा प्रश्न पडत नाही. म्हणूनच तो ज्यांना पडला त्यांचा वृत्तांत आम्ही मुद्दाम वाचला पाहिजे.

स्वतंत्र लेखक ही जात आपल्याकडे फार जुनी नव्हे. पूर्वी कवी असे तो राजाच्या पदरी तरी असे किंवा देवाच्या दारी तरी. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा मिळे; इंग्रजी अमलात त्याच दक्षिणेच्या निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याची चाल पडली. देणारा बदलला, घेणाऱ्याचा हात तसाच राहिला. इंग्लंडातही निराळे नव्हते. डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली आपला कोश पुरा करताना लॉर्ड चेस्टरफील्डला पत्र लिहून त्याचा उशिराचा आश्रय नाकारला, आणि ते पत्र लेखकांच्या स्वातंत्र्याची सनद ठरले. परंतु याच जॉन्सनला १७६२ साली सरकारकडून वर्षाला तीनशे पौंडांचे वर्षासन मिळाले आणि त्याने ते घेतले. यात जॉन्सनला कमीपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. सात वर्षांत पोट कोणाचेही युक्तिवाद बदलू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत या प्रश्नाला प्रथम उघडपणे भिडले ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. निबंधमाला १८७४ साली निघाली तेव्हा शास्त्रीबुवा सरकारी शिक्षक होते. पुढे पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली आणि १८७९ साली त्यांनी ती नोकरी सोडली. बदली हा शब्द आम्हांस किती परिचयाचा! पण नोकरी सोडल्यानंतर त्यांनी काय केले ते अधिक बोधप्रद आहे. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, पाठोपाठ छापखाना, पुस्तकांचे दुकान, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. मार्च १८८२ मध्ये एकतिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. जवळजवळ अडीच वर्षांच्या त्या स्वातंत्र्यात त्यांना मास्तर, छापखानेवाला आणि दुकानदार या तिन्ही भूमिका कराव्या लागल्या. स्वतंत्र लेखकाला केवळ लेखक राहून भागत नाही, हा धडा मराठी माणसाने त्या वेळीच पाहिला होता.

माधवराव सप्रे यांचे चरित्र हा त्याच धड्याचा पुढला भाग होय. त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी झाला. शिक्षण बिलासपूर, रायपूर असे फिरत फिरत झाले, आणि शतक संपता संपता ते कलकत्ता विश्वविद्यालयाचे बी. ए. झाले. त्या काळी मध्य प्रांतात बी. ए. झालेल्या मराठी तरुणापुढे तहसिलीची वाट मोकळी होती. त्या वाटेने ते गेले नाहीत. पेंड्र्याच्या जमीनदारीत राजकुमाराला शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि त्या मिळकतीतून पोटाला चिमटा घेऊन जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर संपादनात सहकारी आणि रायपूरचे वामन बळिराम लाखे प्रकाशनाचा भार वाहणारे. तिघेही मराठी, मासिक हिंदी, आणि ज्या भागात ते निघाले तेथे त्या वेळी छापखानाही हाताशी नव्हता. म्हणून ते पेंड्र्यात लिहिले जाई आणि छापून येई आधी रायपुराहून, मग नागपुराहून.

या मासिकात १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा आली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात आजही तिचे नाव आदराने घेतले जाते. पण कथा अजरामर होणे वेगळे आणि मासिक जगणे वेगळे. तीन वर्षे चालून १९०२ च्या अखेरीस ‘छत्तीसगढ़ मित्र’ बंद पडले, ते पैशाच्या तुटीमुळे. मासिकाचे धोरण चुकले, लेखन कमी पडले, असे कोणी म्हणत नाही. नव्या ग्रंथांची परखड परीक्षणे हिंदीत करण्याची वाट ज्यांनी घातली त्यांत या मासिकाची गणना होते. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च ठरलेला आणि ग्राहकांची वर्गणी अनिश्चित, या एका ओळीत त्याची मृत्युपत्रिका लिहिता येईल. राजाचा आश्रय गेला आणि ग्राहकाचा आला, तेव्हा लेखक स्वतंत्र झाला असे आपण म्हणतो. परंतु राजा एकच असे आणि त्याची मर्जी कळत असे. ग्राहक शंभर असतात आणि त्यांची मर्जी टपालाने कळते, किंवा कळतच नाही.

सप्रे नागपुरास गेले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा सिद्ध करण्याचे किचकट काम त्यांनी याच सुमारास केले. १९०६ साली ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. टिळकांचा पक्ष आता त्यांचा झाला होता, आणि १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू झाले. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. टिळकांना १९०८ च्या जुलैत शिक्षा झाली, आणि ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रेही पकडले गेले. ‘देशसेवक’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास ही आपत्ती आली.

यापुढील प्रसंग चरित्रकारांना सांगणे जड जाते. पण तो गाळला तर आमच्या विषयाचा गाभाच गळेल. तुरुंगात काही आठवडे काढल्यानंतर वडील बंधूंच्या व कुटुंबाच्या निकराच्या आग्रहामुळे सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. ज्याने तहसिली नाकारली, तोट्याचे मासिक तीन वर्षे चालविले, सरकारच्या डोळ्याला डोळा भिडविला, तो पुरुष आपल्या घरच्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे वाकला. बाहेरून हे पाहणाऱ्याने निवाडा देणे सोपे आहे. आम्ही तो देऊ इच्छीत नाही. सरकारी नोकराच्या कुटुंबाला त्याच्या कर्तव्याची झळ लागली तरी पगार, निवृत्तिवेतन, निदान राहते घर यांचा आडोसा असतो. स्वतंत्र लेखकाचे कुटुंब हाच त्याचा ओलीस असतो. त्याच्या स्वातंत्र्याची किंमत त्याने स्वतः मोजायची ठरविली तरी पावती फाडली जाते ती बायकामुलांच्या नावाने.

सप्रे यांनी स्वतःला जो दंड दिला तो सरकारच्या दंडाहून कठोर होता. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. वर्ध्याकडील हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात राहून त्यांनी मधुकरी मागितली आणि दासबोधाची पारायणे केली. नंतर ते रायपुरास आले, तेथे रामदासी मठ स्थापिला आणि मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. पराभूत माणसाचे आयुष्य येथे संपावयाचे; सप्र्यांचे खरे लेखनकार्य येथे सुरू झाले. दासबोधाचा हिंदी अनुवाद या काळातला. टिळकांचे गीतारहस्य १९१५ च्या जूनमध्ये मराठीत प्रसिद्ध झाले आणि १९१६ मध्ये सप्र्यांचा हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती होता. एवढा जाडजूड, तर्काने ठासून भरलेला ग्रंथ, आणि इतक्या अल्पावधीत! उत्तर हिंदुस्थानाने टिळकांची गीता वाचली ती मुख्यतः या रायपूरच्या माणसाच्या शब्दांतून. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरील ग्रंथाचा ‘महाभारत मीमांसा’ हा अनुवादही त्यांचाच.

येथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. चिंतामणराव वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते. म्हणजे मूळ ग्रंथ लिहिणारा परमुलखात मोठ्या हुद्द्यावर राहिलेला मराठी अधिकारी, आणि तो हिंदी भाषिकांपर्यंत नेणारा मधुकरीचे अन्न खाल्लेला निष्कांचन लेखक. नोकरी आणि लेखणी यांत नैसर्गिक वैर असते असे जे म्हटले जाते त्यास हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. लोकहितवादी न्यायखात्यात होते. मर्ढेकर आकाशवाणीत होते. नोकरीत राहून थोर लेखन झाले आहे आणि नोकरी सोडूनही झाले आहे. फरक आहे तो जोखमीच्या वाटणीत. वैद्यांचा ग्रंथ खपला नसता तर वैद्यांच्या घरी त्या दिवशी जेवण शिजले नसते असे झाले नसते.

सप्रे पुढे पुन्हा सार्वजनिक कार्यात आले. १९२० साली जबलपुराहून माखनलाल चतुर्वेदींच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘कर्मवीर’मागे त्यांची प्रेरणा होती, १९२४ साली डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरास त्यांनी देह ठेवला. रायपुरातील एका शाळेला आज त्यांचे नाव आहे, आणि भोपाळ येथे १९८४ साली स्थापन झालेल्या समाचारपत्र संग्रहालयालाही. ज्याचे मासिक तीन वर्षांत बंद पडले त्याच्या नावाने देशभरची जुनी मासिके आणि पत्रे जपून ठेवली जातात, हा काळाचा उदार न्याय म्हणावा लागेल.

आता पश्चिमेकडे वळू. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. म्हणजे बदल्या, नवी गावे, अर्धवट सुटलेल्या शाळा, हे बाळपण आमच्यापैकी अनेकांच्या मुलांच्या ओळखीचे. याच घरातील धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व कादंबरीकार झाले. एका घरातील दोन लेखण्यांपैकी एक मराठीकडे आणि एक हिंदीकडे गेली, आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपले मानले. परप्रांतात वाढणारी आपली मुले मराठीला अंतरतील या चिंतेने व्याकूळ होणाऱ्यांनी या घराकडे एकदा पाहावे.

गजाननरावांनी १९३८ साली इंदूरहून बी. ए. केले, आणि मग जी भ्रमंती सुरू झाली ती वीस वर्षे संपली नाही. माळव्यातील शाळांतून मास्तरकी, बनारसला ‘हंस’च्या कार्यालयात काम, जबलपूर, १९४८ पासून नागपूर, तेथे सरकारी माहितीखाते, नंतर आकाशवाणी, नंतर ‘नया खून’ हे साप्ताहिक. १९४३ च्या ‘तार सप्तक’ या गाजलेल्या संग्रहातील सात कवींत ते एक होते. म्हणजे पंचविशीतच नाव झाले होते. नावाने वाण्याची उधारी फिटत नाही. त्यातून त्यांच्या कविता लांबच लांब. मासिकाच्या दोन पानांत त्या मावत नसत, आणि कमी कराव्यात ही गोष्ट त्यांच्या स्वभावात मावत नसे. नोकरी धरावी तर मन कोंडते, सोडावी तर घर उघडे पडते, या येरझाऱ्यांत नागपूरची दहा वर्षे गेली. या धकाधकीतच १९५४ साली त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पाठीशी संसार असताना. ती पदवी विद्येच्या हौसेपेक्षा स्थिर नोकरीची किल्ली म्हणून अधिक मोलाची होती.

ती किल्ली लागली राजनांदगावास. तेथील दिग्विजय महाविद्यालय १९५७ साली सुरू झाले, तेही संस्थानिकांच्या राजवाड्याच्या वास्तूत. १९५८ साली मुक्तिबोध तेथे हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. राहण्यास वाड्याचाच एक भाग, समोर तलाव, वर चढून जाणारा चक्री जिना. हिंदी कवितेच्या वाचकांना तो जिना आणि ती पाण्यात उतरणारी अंधारी वास्तू चांगली परिचित आहे. पगार मोठा नव्हता. पण महिन्याला ठरलेला होता, आणि काय लिहावे हे सांगणारा कोणी डोक्यावर नव्हता. ‘अँधेरे में’ ही त्यांची महान दीर्घ कविता येथे पुरी झाली. ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांत त्यांनी जे हातावेगळे केले ते आधीच्या वीस वर्षांत साधले नव्हते.

तथापि चढानंतरचा उतार येथेही चुकला नाही. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले. लेखकाला चार पैसे देणारे पुस्तक असेल तर ते पाठ्यपुस्तक, हा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव. पुस्तकावर गदारोळ उठला आणि १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. कवितेवर बंदी आली असती तर तो निदान कवीचा सन्मान झाला असता. येथे आशेने लिहिलेले, संसाराला हातभार लावील अशा विचाराने लिहिलेले पुस्तकच हातचे गेले. या घटनेने ते मनातून खचले, असे त्यांच्या स्नेह्यांनी लिहून ठेवले आहे. १९६४ च्या आरंभी अर्धांगाचा झटका आला. आधी भोपाळ, मग दिल्ली येथे उपचार झाले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्यात लक्ष घातले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचा अंत झाला. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला तो त्या वर्षी, त्यांच्या पश्चात. १९८० साली त्यांचे समग्र लेखन सहा खंडांत प्रसिद्ध झाले. सहा खंडांच्या धन्याने स्वतःच्या कवितांचे एकही पुस्तक हाती धरले नव्हते.

ही दोन चरित्रे शेजारी ठेवली असता आम्हांस एक साम्य फार बोलके वाटते. दोघेही नागपुरात थकले. नागपूर म्हणजे छापखाने, वृत्तपत्रे, चळवळी, विद्यापीठ. लेखकाने जेथे जावे असे शहर. तेथे दोघांना कीर्ती मिळाली, झुंज मिळाली, आणि दोघेही तेथून रिते होऊन निघाले. त्यांना पुन्हा उभे केले ते छत्तीसगडातील लहान गावांनी, आणि तेही एका साध्या छपराने : एकाला मठाने, दुसऱ्याला महाविद्यालयाने. राजनांदगावचे राजघराणे मूळचे बैरागी महंतांचे होते हे ध्यानात घेतले, तर दुसरे छप्परही दूरान्वयाने मठाचेच म्हणावे लागेल! या छपरांनी त्यांना श्रीमंत केले नाही. दोन गोष्टी मात्र दिल्या : उद्याच्या जेवणाची शाश्वती आणि आजच्या लेखनात ढवळाढवळ न करण्याचे सौजन्य.

स्वतंत्र लेखक एकटा उभा असतो ही कल्पना मोहक असली तरी इतिहास तिला दुजोरा देत नाही. चिपळूणकरांमागे शाळा होती, सप्र्यांमागे लाखे होते, मुक्तिबोधांमागे महाविद्यालय आणि गावातील चार जिव्हाळ्याचे लोक होते. लेखकाचे स्वातंत्र्य आधार नसण्यात नसते. आधार देणारा किती मागतो यावर ते अवलंबून असते. लाखे यांनी स्वतः काय लिहिले हे आज कोणी विचारीत नाही. तरी त्यांनी तीन वर्षे एका मासिकाचा भार उचलला म्हणून हिंदीला तिची एक पहिली कथा मिळाली. वकील, शिक्षक, कारकून, अधिकारी अशा ‘न लिहिणाऱ्या’ माणसांचा हा वाटा साहित्याच्या इतिहासात नोंदला जात नाही. तो नोंदला जावा असे आम्हांस वाटते.

आमच्यासारख्या बदलीच्या माणसांना या इतिहासातून घेण्याजोगे काही असेल तर ते हेच. आपण प्रत्येकाने नोकरी सोडून लेखणी धरावी असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तशी गरजही नाही. परंतु ज्या गावी आपली नेमणूक होते तेथे कोठेतरी एखादा सप्रे मासिकाचा तोटा मोजीत असतो, एखादा मुक्तिबोध मुलांच्या फीची तजवीज करून रात्री लिहावयास बसत असतो. तो मराठीत लिहितो की हिंदीत की छत्तीसगढीत, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याचे पुस्तक विकत घ्यावे, मागून नेऊ नये. त्याच्या मासिकाची वर्गणी स्मरणपत्राची वाट न पाहता पाठवावी. आणि त्याने काय लिहावे हे त्याला सांगू नये. राजाश्रय संपला तेव्हा त्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आली ते आश्रयदाते आपणच आहो.